आजीव सभासद

ज्या वाक्याने वेंडेल गँट्झला आग विझवणाऱ्यांतून बाहेर काढलं, ते मी टाइप केलं होतं. शाळेच्या कँटीनमधलं काम आटोपून, फायर स्टेशनच्या मागच्या खोलीत बसून, एका हाताने सँडविच खात खात. दहा मिनिटंही लागली नसतील. शेजारच्या गावच्या दलाची नियमावली समोर उघडी होती आणि त्यातलं कलम मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. फक्त गावाचं नाव बदललं.

टॅनर्स रन हे आमचं गाव नऊशे वस्तीचं. दोन चर्च, एक पेट्रोल पंप, एक शाळा आणि स्वयंसेवकांचं अग्निशमन दल. पगार कोणालाच नाही. खांबावरचा भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं आणि पळायचं. बंब विकत घ्यायचा तर लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी मासे तळून विकायचे, उन्हाळ्यात कोंबड्या भाजायच्या, हिवाळ्यात बिंगो खेळवायचा. मी या दलाची एकोणीस वर्षं सेक्रेटरी होते. म्हणजे हजेरी घ्यायची, ठराव लिहायचे, याद्या पाठवायच्या आणि माशांसाठी पीठ भिजवायचं.

अकरा वर्षांपूर्वी विमा कंपनीचा माणूस आला. तुमच्या यादीत सत्तरीच्या पुढचे सात जण आहेत, तेवढ्यांमुळे हप्ता जवळजवळ दुप्पट होतो, असं त्याने सांगितलं. ड्वेन क्रॅट्झर तेव्हा नुकताच चीफ झाला होता. गावात त्याचं गॅरेज आहे. तो त्या माणसाला म्हणाला की या सात जणांनी स्टेशनच्या विटा हातांनी रचल्यात, त्यांना मी कोणत्या तोंडाने घरी बसा सांगू. विमावाला म्हणाला, तो तुमचा प्रश्न.

ड्वेनने त्यावर तोडगा काढला, आणि तो आम्हा सगळ्यांना फार आवडला. फेब्रुवारीत आमचं वार्षिक जेवण असतं. त्या जेवणात, ज्याला सत्तर पुरी झाली त्याला उभं करायचं, टाळ्या वाजवायच्या, पितळी पाटी द्यायची आणि हात वर करून त्याला आजीव सभासद करायचं. नाव एका यादीतून काढून दुसऱ्या यादीत टाकायचं. विमा कंपनीला पहिली यादी पाठवायची. हप्ता कमी, म्हातारा खूश. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला की तो म्हातारा नेहमीसारखा यायचा आणि कोणी त्याला अडवायचं नाही. जा परत, असं कोणीच म्हणालं नाही. एकदाही नाही. आम्हाला त्यांची गरज होती. दिवसा गावात असतंच कोण? धडधाकट माणसं सगळी चाळीस मैलांवरच्या गोदामांत खोकी उचलायला जातात. पहाटे जातात, अंधार पडल्यावर येतात. यादीत सव्वीस नावं, आणि दुपारी दोनला भोंगा वाजला तर चार डोकी. त्यातली दोन आजीव.

वेंडेलची पाळी आली त्या वर्षी जेवणात डुकराच्या खिम्याचा भाजलेला हॅम लोफ होता, कुस्करलेले बटाटे होते आणि त्याच्या बायकोने, लुएलाने, पाच ॲपल-पाय केले होते. वेंडेल दूध गोळा करणाऱ्या टँकरवर चाळीस वर्षं ड्रायव्हर होता. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पाटी हातात घेऊन त्याने ड्वेनला विचारलं, "मग बूट-कोट परत करायचे का?"

"राहू दे रे," ड्वेन म्हणाला, "तुझ्या पायाचा वास दुसरा कोण सहन करणार?"

सगळे हसले. मीही हसले. कोट चार नंबरच्या खुंटीवर राहिला, आणि तिसऱ्या दिवशी एका घराच्या धुराड्याला आग लागली तेव्हा स्टेशनवर सगळ्यांत आधी वेंडेल पोचला होता. मी हजेरीत त्याच्या नावापुढे खूण केली. पुढच्या पावणेचार वर्षांत मी अशा एकशे बारा खुणा केल्या.

ऑक्टोबरमधला मंगळवार होता. दुपारचे दोन. स्टॉल्टफस कुटुंबाच्या डोंगरावरच्या गोठ्याला आग लागली. वर माळ्यावर गवत, खाली गायी, बाजूला दूध ठेवायची सिमेंटच्या ठोकळ्यांची खोली. ड्वेन गॅरेजमधून थेट तिकडे गेला. बंब घेऊन दोघं गेले. डोंगरावर नळ नाही, पाणी टँकरनेच न्यावं लागतं, आणि टँकर चालवायला वेंडेलखेरीज कोणी नव्हतं. तो घेऊन गेला. पंप लावला. गायी बाहेर काढायच्या म्हणून एक पाईप त्याने त्या दुधाच्या खोलीशी ओढत नेला. ठोकळ्यांची भिंत तापलेली होती. ती त्याच्यावर पडली.

तो जागच्या जागी गेला. याबद्दल पुढे कधीच कोणी वाद घातला नाही. भिंत, आग, वेळ, जागा, सगळं सगळ्यांनी मान्य केलं. वाद एवढाच झाला की भिंतीखाली जो होता तो कोण.

अंत्ययात्रा अशी झाली की तशी आमच्या जिल्ह्यात पूर्वी झाली नव्हती. एकेचाळीस गावांचे बंब आले. वेंडेलची पेटी आमच्याच बंबावरून नेली. घडी घातलेला झेंडा लुएलाच्या मांडीवर ठेवला. वायरलेसवरून त्याचा नंबर तीनदा पुकारला, कोणी उत्तर दिलं नाही, मग पुकारणाऱ्या मुलीने सांगितलं की त्याची शेवटची पाळी संपली. एकही माणूस असा नव्हता ज्याने त्या दिवशी वेंडेलला वीर म्हटलं नाही. निवडून आलेले, निवडून यायचे असलेले, सगळे म्हणाले. फुकट होतं ना ते.

मग अर्ज आला.

आमच्याकडे वॉशिंग्टनचा एक कायदा आहे. लोकांच्या सुरक्षेचं काम करताना जो मरतो, त्याच्या घरच्यांना सरकार एकदाच मोठी रक्कम देतं. पोलीस, आग विझवणारा, रुग्णवाहिकेवरचा. पगारी असो वा बिनपगारी, फरक पडत नाही. पैसा नको फक्त मान हवा असली भाषा मी करणार नाही. लुएलाला पैसा हवा होता. वेंडेलचं पेन्शन त्याच्याबरोबर गेलं होतं आणि घराच्या हप्त्यांची आठ वर्षं उरली होती. पण तिला मंजुरीचा कागदही हवा होता. आमच्या राज्याच्या राजधानीत एका बागेत दगडी भिंत आहे, त्यावर अशा माणसांची नावं कोरतात, आणि कोणाचं कोरायचं ते याच कागदावर ठरतं. नातवंडांना तिकडे घेऊन जाईन, असं ती अर्ज भरताना दोनदा म्हणाली.

अर्जात एक रकाना होता: मृत्यूच्या दिवशीची सभासदांची यादी, सेक्रेटरीच्या सहीने. मी यादी काढली. डावीकडे सक्रिय, उजवीकडे आजीव. वेंडेल उजवीकडे.

मी ड्वेनच्या गॅरेजवर गेले. तो एका ट्रॅक्टरखाली होता, तिथूनच बोलला. आधी म्हणाला, डावीकडे टाक की, कोण बघतंय. मग बाहेर आला, हात पुसले, आणि म्हणाला की नको, विमा कंपनीकडे दुसरी यादी आहे. दोन याद्या जुळल्या नाहीत तर चार वर्षं कमी हप्ता भरून फसवलं असं म्हणतील. विमा काढून घेतील. विम्याशिवाय बंब दाराबाहेर नेता येत नाही. आहे तसंच पाठव, त्याने सांगितलं. आग विझवताना मेलेला माणूस आग विझवणारा नव्हता असं म्हणायला वॉशिंग्टनमध्ये काय गाढवं बसलीत का?

मी आहे तसंच पाठवलं. मी प्रामाणिक होते म्हणून नव्हे. मलाही तसंच वाटत होतं म्हणून.

पंधरा महिन्यांनी उत्तर आलं. नाही.

त्या रात्री मी कायद्याची व्याख्या पहिल्यांदा वाचली. शिकलेल्या लोकांनी असली भाषा बनवलेली असते की अर्धं वाचून माणसाने आपणहून हात टेकावेत. मी टेकले नाहीत. चार वेळा वाचली. सरळ भाषेत सांगायचं तर अशी आहे: सरकारी किंवा सरकारने मानलेल्या दलाचं काम अधिकृतपणे करणारा, आणि आग विझवण्याचा अधिकार व जबाबदारी कायद्याने ज्याच्याकडे आहे तो. अधिकार आणि जबाबदारी, दोन्ही. कौशल्य नव्हे, धाडस नव्हे. किती वेळा गेलास, कुठे मेलास, ते नव्हे. दलाचा पाद्रीसुद्धा त्या व्याख्येत बसतो, ते तिथे वेगळं लिहिलेलं आहे. आमचा पाद्री भला माणूस, पण त्याने जन्मात पाईप उचललेला नाही. ती भिंत त्याच्यावर पडली असती तर त्याचं नाव दगडावर गेलं असतं. आमच्या डाव्या यादीत एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता, वर्षातून चार वेळा यायचा, टी-शर्टासाठी. तोही बसतो.

पाठोपाठ मी आमची नियमावली काढली. कलम सहा. माझं वाक्य. सँडविच खाताना उतरवलेलं.

अपील करता येतं असं पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत होतं. वकील करायला लुएलाकडे काही नव्हतं. मी म्हटलं, मी करते. शाळेत मुलांना मॅकरोनी वाढणारी बाई मी, पण कागद मला वाचता येतात. मी हजेरीच्या एकशे बारा खुणांच्या नकला काढल्या. वेंडेलने घेतलेल्या प्रशिक्षणांचे दाखले काढले, अकरा होते. जिल्ह्याच्या वायरलेस केंद्राकडे अर्ज करून त्या दुपारचं रेकॉर्डिंग मागवलं. ते यायला पाच महिने लागले. आलं तेव्हा मी एकटीने ऐकलं आणि ड्वेनला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. तोवर तो माझ्याशी नीट बोलेनासा झाला होता. मिटला विषय का उकरतेस, असं त्याने बिंगोच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी म्हटलं होतं, तुझा मिटला असेल.

सुनावणी सप्टेंबरमध्ये झाली, फोनवर. स्टेशनच्या हॉलमध्ये माशांच्या टेबलाशी मी, लुएला आणि ड्वेन बसलो, मधे फोन. पलीकडे वॉशिंग्टनहून सुनावणी अधिकारी, ब्रँडव्होल्ड नावाच्या बाई. त्या दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. त्या चांगल्या होत्या. सगळ्यांत आधी त्यांनी लुएलाला विचारलं की नवऱ्याबद्दल काही सांगायचंय का. लुएला म्हणाली, "तो जेवता जेवता उठून जायचा. चोपन्न वर्षं. मी ताट झाकून ठेवायची." एवढंच.

बाईंनी हजेरी बघितली होती. दाखले बघितले होते. त्या म्हणाल्या की हजर असणं म्हणजे अधिकार असणं नव्हे, पण चीफने प्रत्यक्ष हुकूम दिला असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते. म्हणून मिस्टर क्रॅट्झरना एक विचारते.

"त्या दिवशी तुम्ही मिस्टर गँट्झना बोलावलंत का?"

ड्वेनने टेबलावरचा मिठाचा डबा सरळ केला. "तो आला. तो यायचाच."

"मी विचारलं, बोलावलंत का."

"भोंगा सगळ्यांनाच बोलावतो, बाई."

लुएलाने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. रस्त्यात कोणी अनोळखी माणूस आपल्या नावाने हाक मारतो तेव्हा बघतात तसं. ड्वेनचा बाप्तिस्मा वेंडेलच्या मांडीवर झाला होता. त्याला टँकर चालवायला वेंडेलनेच शिकवलं होतं.

मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे. बाई म्हणाल्या, लावा.

आधी खरखर आली. मग ड्वेनचा आवाज, धापा टाकत: "वेंडेल, टँकर घेऊन ये. आणि पंपावर तूच राहा, माझ्याकडे दुसरं माणूस नाही." मग वेंडेलचा: "निघालोच."

दोन वर्षांनी लुएलाने तो आवाज ऐकला. तिने हात टेबलावरून उचलला आणि हवेतच धरला, वाढताना कोणी पुरे म्हणतं तसा. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

ड्वेनने मिठाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाला, "हो. मीच सांगितलं. मी त्याला दर वेळी सांगायचो."

मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं. पाच-सहा सेकंद मी त्या बागेतल्या दगडावरचं नावसुद्धा बघितलं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या की तुमच्या नियमावलीतलं कलम सहा कोणीतरी वाचून दाखवा, नोंदीसाठी. ते कागद माझ्यापुढे होते. मी वाचलं: "आजीव सभासदास मत, जेवण व मान यांचा हक्क राहील. आगीच्या ठिकाणी त्यास कोणताही अधिकार अथवा जबाबदारी राहणार नाही, तसेच कोणताही पदाधिकारी त्यास तसे काम देऊ शकणार नाही."

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"शेवटच्या भागाचा हेतू काय होता?"

इथे खोटं बोलता आलं असतं. उतरवताना चूक झाली म्हणायचं, किंवा त्याचा अर्थ वेगळा होता, आम्ही तसं कधी मानलंच नाही. मी कित्येक महिने कागद उपसून त्या फोनपुढे बसले होते, आणि आत्ताच ड्वेनला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं. मला खोटं बोलता आलं नाही. त्यात मोठेपणा काही नाही, जीभच वळली नाही. मी म्हटलं, "हेतू काही नव्हता. विम्याचा हप्ता कमी व्हावा म्हणून. माणसं तर आम्हाला हवीच होती."

ड्वेनने डोळे मिटले.

बाई म्हणाल्या, "धन्यवाद, मिसेस पेकारिक. तुम्ही फार स्पष्ट बोललात."

निकाल फेब्रुवारीत आला. चार पानं. तिसऱ्या पानावर होतं की मिस्टर गँट्झ यांच्या धैर्याबद्दल या कार्यालयाला कसलीही शंका नाही. त्याच्याच खाली होतं की चीफला जो अधिकार देण्याचा अधिकारच नव्हता तो त्याच्या हुकमाने निर्माण होत नाही, आणि म्हणून मृत्यूच्या दिवशी सदर व्यक्ती घटनास्थळी हजर असलेली एक नागरिक होती.

हजर असलेली एक नागरिक. बघ्यांना आम्ही दोरी बांधून लांब ठेवतो. वेंडेल त्या दोरीबाहेरचा.

माझ्या स्पष्ट बोलण्याचं पुढे काय झालं तेही सांगते. विमा कंपनीने लुएलाचा दुसरा दावा, दलाच्या अपघात विम्याचा, वॉशिंग्टनच्या निकालावर लोंबकळत ठेवला होता. त्यांनी सुनावणीची नोंद मागवली. मार्चमध्ये दोन पत्रं आली. एक लुएलाला: सक्रिय सभासद नसल्याने नाही. दुसरं दलाला: तुम्ही आम्हाला न कळवता माणसं वापरत होता असं तुमच्या सेक्रेटरीने मान्य केलं आहे, सबब साठ दिवसांनी विमा बंद. ड्वेनने आणखी तीन कंपन्यांना विचारलं. त्यांनी ते पत्र बघितलं आणि हात वर केले. मेमध्ये बंब विकला. टँकर एका रस्ते बांधणाऱ्याने घेतला. आता भोंगा वाजत नाही. सगळ्यांत जवळचं दल चोवीस मिनिटांवर आहे, रस्ता कोरडा असेल तर.

ड्वेन माझ्याशी बोलत नाही. माझी गाडी मी दुसऱ्या गावच्या गॅरेजात नेते. दुकानात एका बाईने मला थांबवून विचारलं, "रोडा, खरं बोलून तू नक्की कोणाचं भलं केलंस, तेवढं सांग." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर ऐकायचं होतं. तिचा नवरा नाकाला ऑक्सिजन लावून घरात पडलेला असतो आणि तिच्याकडे लाकडाची शेगडी आहे.

मला राग कोणाचा येतो ते मी रोज शोधते. कायद्याचा येतो. पण कायदा म्हणतो की आधी तुम्ही सांगा तुमचं माणूस कोण, मग आम्ही मानू. आम्ही लेखी सांगितलं होतं. ठराव करून, टाळ्या वाजवून, तोंडात हॅम लोफ असताना. वॉशिंग्टनने फक्त आमचा शब्द धरला. विमा कंपनीचा येतो, पण तिने तरी काय केलं, हप्ता सांगितला. गोदामांचा येतो, ती सगळी माणसं खाऊन बसलीत. ड्वेनचा येतो, मग आठवतं की त्या दुपारी गवत पेटलेलं असताना त्याच्याकडे खरंच दुसरं माणूस नव्हतं. फिरून फिरून मी त्या खोलीत येते, जिथे एक बाई वाचल्याशिवाय टाइप करतेय.

लुएलाचं घर जूनमध्ये विकलं गेलं. ती टोलीडोला मुलीकडे जाणार होती. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेले. ती स्वयंपाकघरात बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी शेजारी बसून गुंडाळायला लागले. मग मी म्हटलं की अजून एक अपील करता येतं, कोर्टात, मी चौकशी केलीय. ती म्हणाली, नको.

मग बरणीकडे बघत, अगदी साध्या आवाजात, मीठ कमी पडलं सांगावं तसं तिने विचारलं, "तुला माहीत होतं ना, रोडा, की तो आता कोणी नाही म्हणून?"

मी म्हटलं, लिहिलेलं होतं, पण तसं आम्ही कधी मानलं नाही.

"मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. त्याला वाटलं, मान दिला." तिने बरणी खोक्यात ठेवली. "तुम्ही सांगायचं होतं मला. एकदा. त्या दिवशी तो जेवायला बसला होता, सूप होतं. मी दाराला कुलूप लावलं असतं. शिव्या दिल्या असत्या मला त्याने, महिनाभर बोलला नसता. पण मी लावलं असतं."

मी दुसरी बरणी उचलली. वर्तमानपत्र संपलं होतं.

"आणि गोठा काय," लुएला म्हणाली, "तो तसाही सगळा जळलाच."